ऱ्हस्व भूल

पेन्सिलने खोडलेली ओळ चाळीस मिनिटांनी दारात येऊन उभी राहिली. पासष्टीच्या आतबाहेरची, किडकिडीत, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात घडी घातलेला स्वेटर. अजून किती वेळ लागेल, एवढेच तिला विचारायचे होते. दंतवैद्याच्या खुर्चीत आडवा पडलेला माणूस मान न वळवता म्हणाला, "वहिनी, तू बाहेर बस बरं. मी काय कुकुलं बाळ आहे?" त्यावर तक्रार आणि कौतुक एकाच सुरात मिसळून ती बाई म्हणाली, "चौतीस वर्षांचा घोडा झालाय, पण आईशी बोलायची रीत बघा याची." भूलतज्ज्ञ बाईच्या हातात त्या वेळी सलाइनची पिशवी होती. ती तिने स्टँडला अडकवली. मग पुन्हा काढून हातात धरली. काहीतरी चुकले होते, आणि ते काय हे कळायला तिला आणखी दोन-तीन श्वास लागले. आईशी. तो वहिनी म्हणाला होता आणि ती आई म्हणाली होती, आणि दारात दुसरी बाई नव्हती.

तेवीस वर्षे ती हे काम करत होती. स्वतःचा दवाखाना नाही. एक जड बॅग आणि आठवड्याच्या वारांवर वाटलेले शहरभरचे सात-आठ दवाखाने. सोमवारी हाडांचा, मंगळवारी डोळ्यांचा, गुरुवारी हा दातांचा. दंतवैद्य तिचा जुना मित्र, कॉलेजला जाताना एकाच बसथांब्यावर उभा राहणारा. तो तिला निद्रादेवी म्हणे. भूलतज्ज्ञ म्हणजे चुका करण्यात तज्ज्ञ का, हा विनोद तिने हजारदा ऐकला असेल आणि दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ती हसली होती, कारण घाबरलेल्या माणसाला विनोद करू देणे हा औषधाचाच भाग आहे असे ती मानत असे. आजच्या माणसाने मात्र निराळाच विनोद केला. तो एका प्रकाशकाकडे मुद्रितशोधक होता. त्याच्या दोन्ही पापण्या निम्म्यावर उतरलेल्या, त्यामुळे वाचायचे म्हणजे तो उजव्या तर्जनीने उजवी पापणी वर उचलून धरी आणि डाव्या हाताने पान सरकवी. कचेरीत त्याला अर्धविराम म्हणत, हे त्यानेच सांगितले. तिचा अकरा प्रश्नांचा कागद त्याने त्याच पद्धतीने वाचला आणि परत देताना म्हणाला की नववा प्रश्न अशुद्ध आहे. भूल दीर्घ असते. तुम्ही ऱ्हस्व छापलीय. प्रत्यय लागला की ऱ्हस्व होते, भुलीचा, भुलीने. पण एकटी असली की दीर्घच. ती म्हणाली, आमच्याकडे भूल जितकी ऱ्हस्व तितकी बरी. तो हसला, पापण्या होत्या तिथेच राहिल्या, नुसते ओठ हसले. त्या हसण्यात तिने नववे उत्तर वाचले. प्रश्न होता, घरात कोणाला भूल दिल्यावर त्रास झाला होता का. उत्तर होते, मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरात: वहिनीला. दाढ काढताना. दोन दिवस शुद्ध नव्हती. पूर्वी त्या प्रश्नात 'रक्ताच्या नात्यात' असे शब्द होते. रक्त वाचले की लोक दचकतात, म्हणून तिनेच ते काढून 'घरात' केले होते. तेव्हापासून लोक घरातली सगळी माणसे लिहीत, जावई, भाडेकरू, एकाने तर कुत्रासुद्धा लिहिला होता, आणि तिला गाळणे भाग पडे. वहिनी म्हणजे भावाची बायको. दुसऱ्या घरातून आलेली, दुसऱ्या रक्ताची. तिने सरळ रेघ मारली आणि समासात लिहिले, रक्ताचे नाते नाही.

आणि हे तिने करावे. तिने. तिच्या घरी ती स्वतःच्या आईला काकी म्हणत असे. मोठ्या काकांची तीन मुले तिच्याआधीची. ती तिच्या आईला काकी म्हणत, म्हणून तीही म्हणायला लागली, आणि मोठ्या काकूला सगळी पोरे आई म्हणत, म्हणून तीही. त्यात चुकल्यासारखे कोणाला वाटले नाही. शाळेत आईचे नाव लिहायचे तेव्हा ती योग्य नाव लिही. नाव निराळे आणि हाक निराळी, इतकेच. आठ वर्षांची असताना काकीच्या पोटाचे ऑपरेशन झाले. दवाखान्याच्या लांबलचक बोळात हिरव्या रंगाचे बाक होते, निम्मी भिंत पिवळ्या तेलरंगाची, आणि फिनेलच्या वासाखाली दुसरा एक गोडसर वास होता, जो पुढे तिला रोज भेटणार होता. ती बाकावर पाय हलवत बसली होती. शेजारी मोठी काकू, म्हणजे जिला ती आई म्हणे ती, बसल्या बसल्या पेंगली होती. दार उघडून नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "ए मुली, तुझी आई जागी झालीय. हाका मारतेय तुला." तिने शेजारी बघितले. आई झोपली होती, तोंड थोडे उघडे. तिने नर्सला सांगितले की नाही, आई तर झोपलीय. नर्सला ते उत्तर कसे लागले कोण जाणे. ती खांदे उडवून आत गेली आणि दार मिटले. बस, एवढेच. त्या दिवशी तिला आपले काही चुकले असे वाटलेसुद्धा नाही. चार-पाच वर्षांनी, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना, काकी कसल्याशा दुसऱ्याच बोलण्यात सहज म्हणून गेली की शुद्धीवर आले तेव्हा हाक मारली होती मी, कोणी आलं नाही, चालायचंच. आणि पुढची उशीची खोळ उचलून तिने झटकली. ती खोळ झटकल्याचा आवाज मुलीच्या कानात राहिला. तेव्हापासून तिला एका गोष्टीचे कुतूहल होते, आणि त्या कुतूहलाचा माग काढत काढत ती या कामापर्यंत आली असे म्हटले तरी चालेल: माणूस जागा होतो तेव्हा त्याच्यातले आधी काय जागे होते? कान, की डोळे, की नुसती हाक?

पिशवी अजून तिच्या हातातच होती. तिने वहिनींना आत बोलावले, स्टुलावर बसवले, आणि दोन दिवस शुद्ध नव्हती म्हणजे काय झाले होते ते विचारले. वहिनींनी मुलाकडे रागाने पाहिले. सतरा ठिकाणी माझी लक्तरं कशाला टांगतोस, असा तो राग होता. मग सांगितले. चाळिशीत दाढ काढली. पाच मिनिटांची भूल म्हणाले होते. मग मोठ्या दवाखान्यात हलवले, श्वासाला यंत्र लावले, दोन दिवसांनी हातपाय हलले. डॉक्टर म्हणाले, तुमची प्रकृतीच नाजूक. झाले. वहिनी बोलत होत्या आणि भूलतज्ज्ञ बाई त्यांच्या पापण्यांकडे बघत होती. मुलाइतक्या उतरलेल्या नव्हत्या, पण होत्या. झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसासारख्या. तिने विचारले की कानांचे काय, तर उजवा जरा कमी आहे. जेवताना? जेवताना जबडा दमतो, पण तो तर सगळ्यांचाच दमतो. तसा तो सगळ्यांचा दमत नाही, हे ऐकून वहिनींना खरेच नवल वाटले. मुलगा आदल्या संध्याकाळपासून उपाशी होता. दवाखान्याची छापील चिठ्ठीच तशी: आदल्या रात्रीपासून काहीही खाऊ-पिऊ नये, मग तुम्ही कोणीही असा. त्याची वेळ अकराची होती, सकाळी खुर्चीची मोटार बिघडली, आता चार वाजत आले होते. दुपारभर त्याच्या पापण्या आणखी आणखी खाली येत होत्या. तिने ते पाहिले होते. भूक लागली असेल, असे मनाशी म्हटले होते. पापण्या, कान, जबडा, पिंढऱ्यांत गोळे येतात म्हणून त्याने दुसऱ्या प्रश्नात लिहिलेली अर्धी ओळ, हे सगळे चार वाजेपर्यंत तिच्यासमोर सुटे सुटे पडलेले होते, निरनिराळ्या शर्टांची बटणे असावीत तसे. मधली एक ओळ तिने स्वतः खोडली होती. ती परत आल्याबरोबर सगळी बटणे एकाच शर्टाची निघाली.

तिने हातातली पिशवी बॅगेत परत ठेवली. तीत तेच नेहमीचे क्षारपाणी होते, लॅक्टेट घातलेले, ती रोज डोळे मिटून लावत असे ते. आणि या माणसाचे शरीर, तिचा संशय खरा असेल तर, नेमके तेच पचवू शकत नव्हते. त्याच्या बोटाला सुई टोचून तिने साखर बघितली. बरीच खाली गेली होती. स्वागतकक्षातल्या बाईला तिने साखरपाणी करून आणायला सांगितले आणि साध्या ग्लुकोजची पिशवी लावली. दंतवैद्य हातमोजे घालून तयार होता. जबड्याच्या हाडात दाढेखाली पाण्याची गाठ, आज काढायची म्हणून त्याने तीन माणसांना पुढच्या आठवड्यावर ढकलले होते. तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, अगं, आई असो नाहीतर वहिनी, दाढ त्याची आहे ना? तिने हळू आवाजात सांगितले की दाढ त्याची असली तरी शरीर चालवणारी शेगडी आईकडून आलेली असते, आणि या घरात ती मंद जळते आहे असे दिसते. इथे, या खुर्चीत, आपण त्याला झोपवला असता तर कदाचित उठवता आला नसता. दंतवैद्याने हातमोजे काढले. मग म्हणाला, "निद्रादेवी, आज तू स्वतःच जागी झालीस म्हणायची." ती हसली नाही. खुर्चीतल्या माणसाने तेवढ्यात कागद मागितला. पापणी उचलून त्याने आपले खोडलेले उत्तर पाहिले, समासातला शेरा वाचला, आणि खिशातली पेन्सिल काढून खोडलेल्या शब्दांखाली टिंबे टिंबे दिली. समासात लिहिले, असू द्यावे. चुकून खोडलेले परत ठेवायचे असेल तर आमच्यात असे करतात, तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, साखरपाण्याचे दोन घोट पोटात गेल्यावर, हेही म्हणाला की चूक माझी. दुसऱ्याच्या मजकुरात मी असा शब्द कधी सोडला नसता, कंसात खुलासा मागितला असता. आपल्याच घरातला शब्द म्हणून दिसला नाही.

पुढचे दोन महिने तिने जितके वाचले तितके परीक्षेसाठीही वाचले नव्हते. शाळेच्या पुस्तकात तंतुकणिका नावाचे एक चित्र असते, भुईमुगाच्या शेंगेसारखे, आत नागमोडी रेघा. मुले ते काढतात, नावे देतात, पाच गुण मिळवतात आणि विसरतात. तीही विसरली होती. आता ते चित्र तिला खिडकीत, बसमध्ये, दुसऱ्या रुग्णाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवताना दिसू लागले. शरीराच्या प्रत्येक पेशीत अशा शेकडो शेंगा, खाल्लेल्या अन्नाची त्यांत ऊब होते, त्या उबेवर पापणी उचलली जाते, कान ऐकतो, हृदय एकदा मिटून पुन्हा उघडते. आणि या शेंगांची स्वतःची एक छोटी वंशावळ असते, बापाला बाजूला ठेवून आईकडून चालत आलेली. आई, तिची आई, तिची आई. तिथे आडनाव नाही, घराणे नाही, काका-आत्या कोणी नाहीत. मावशी आहे. मामा आहे, पण तो शेवटचा. त्याच्यापुढे ती वाट बंद. तिला वाटे, भाषेने ही नाती इतकी नीट वेगळी करून ठेवली, आत्या वेगळी, मावशी वेगळी, काका वेगळा, मामा वेगळा, जणू कोणाला तरी हे आधीच माहीत होते. आणि मग माणसांनी हाका मारता मारता सगळा गुंता करून टाकला. मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी मुद्रितशोधकाची मांडी टोचून मांसाचा तांदळाएवढा तुकडा घेतला, रक्त तपासायला पाठवले, हृदयाचा आलेख काढला. वहिनींचे माहेर धुंडाळले तेव्हा एक बहिरा मामा निघाला, भर तिशीत काठी धरलेली एक मावशी निघाली, आणि वहिनींची आई, जी बसल्या जागी पेंगायची म्हणून उभा जन्म आळशी म्हणवून घेत गेली. सहा आठवड्यांनी निदान आले: आईकडून चालत आलेला तंतुकणिकांचाच आजार. वहिनी कागद हातात धरून म्हणाल्या, म्हणजे आई आळशी नव्हती. एवढेच म्हणाल्या, आणि कागदाची चौपदरी घडी करून पर्समध्ये ठेवली.

गाठ मात्र थांबायला तयार नव्हती. गोळ्यांनी पू उतरे, पुन्हा भरे. एका बाजूचा गाल टरारून येई. आणि हाड आतून पोखरत चालले आहे हे दर पंधरवड्याच्या फोटोत दिसत होते. नुसते हिरडीत इंजेक्शन देऊन भागणार नव्हते, कारण अर्धा तास तोंड उघडे ठेवण्याइतके बळ त्याच्या जबड्यात नव्हते, आणि गिळणेही नाजूक, तेव्हा रक्त घशात उतरण्याची भीती. पुरती भूल द्यावी लागणार, आणि तीच तर धोक्याची. एकदा तपासणीला आलेल्या वहिनींशेजारी ती बाकावर बसली. तिच्या मनात होते ते विचारणे डॉक्टरकीत बसत होते की नाही, तिला सांगता आले नसते. तिने विचारले की त्या दोन दिवसांत काही आठवते का. वहिनी म्हणाल्या, सगळंच. नर्सच्या मुलीचं लग्न ठरत होतं, मुलाकडचे घड्याळ मागत होते. दीर येऊन रडून गेला. तिने मान वळवून पाहिले. वहिनी समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. "सगळे म्हणत होते, डोळे उघडा, डोळे उघडा. अहो, मी उघडतच होते." थोड्या वेळाने त्यांनी सांगितले की हे आजवर कोणाला सांगितले नाही, शुद्ध नव्हती असे घरभर झाले होते, मग आपण कशाला मोडता घाला. भूलतज्ज्ञ बाईला त्या हिरव्या बाकांची आठवण झाली. म्हणून असेल, तिने आणखी एक विचारले, त्याने तुम्हाला आई म्हणावे असे कधी वाटले नाही का. वहिनींनी हसून हात उडवला. धाकटे चार दीर-नणंदा दिवसभर वहिनी वहिनी करायचे, दूधवाला वहिनी, पोस्टमन वहिनी, पोर बोलायला शिकले ते तेच. "पहिलीत असताना एकदा शिकून आला आणि आई म्हणाला. मी ओ दिलीच नाही. मला वाटलं, दुसऱ्या कोणाला तरी हाक मारतोय."

ही गोष्ट तिच्यासोबत बरेच दिवस राहिली. तिची काकी जाऊन अकरा वर्षे झाली होती. शेवटच्या आठवड्यात, कोणी नसताना, ती काकीच्या कानाशी वाकून एकदा आई म्हणाली होती, मोठ्याने नव्हे, करून बघावे तसे. काकीने ओ दिली नव्हती. तेव्हापासून तिने ते ऐकू न आल्याच्या किंवा राग मनात राहिल्याच्या खात्यात टाकले होते, दिवसागणिक आलटून पालटून. काकीला वाटले असेल की ही मोठ्या जावेला बोलावते आहे, आणि जाऊबाई तर केव्हाच गेल्या, पोरगी भ्रमली बिचारी. हा तिसरा अर्थ आजवर तिला सुचलाच नव्हता. तो सुचल्यावर ती बस थांब्यावर आल्याचे विसरली आणि पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आली. रस्त्याच्या कडेला एक माणूस दुकानाची पाटी रंगवत होता, अक्षरे आधी खडूने आखलेली. ती उगाचच थांबून बघत राहिली. बरे वाटले असे नाही. पण जुने दुखणे ज्या कुशीवर झोपायचे, तिच्यावरून ते उठून दुसऱ्या कुशीवर वळले होते.

ऑपरेशन मोठ्या रुग्णालयात ठरले, अतिदक्षता विभागातली एक खाट राखून, सकाळचे सगळ्यात पहिले. तिने सगळे लिहून काढले आणि दंतवैद्याला दोनदा वाचायला लावले. उपास नाही: अन्न रात्री बंद, पण साखरेचे स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत, आणि दाखल झाल्यापासून ग्लुकोज चालू. नेहमीची पिशवी खोलीतसुद्धा नको. अंग गार पडू द्यायचे नाही. थंडीने कुडकुडण्यात जी ताकद जाते ती याला परवडणारी नाही. स्नायू ढिले पाडणारे औषध अजिबात नाही. भुलीचा वायू मोजून, शिरेतून जाणारी औषधे घटकाभरापुरती, हिरडीतले बधिरीचे इंजेक्शन नेहमीच्या निम्मे, दर वीस मिनिटांनी रक्त तपासायचे. दंतवैद्य म्हणाला, लग्नाच्या याद्या अशा करतात. पण त्याने दवाखान्याची छापील चिठ्ठी बदलली, आणि तिने आपला नववा प्रश्न. नवीन प्रश्न मुद्रितशोधकाने तपासून दिला. त्यात भूल दीर्घ होती, आणि पुढे होते: जिला किंवा ज्याला त्रास झाला त्या व्यक्तीला तुम्ही काय म्हणता, आणि ती तुमची खरोखर कोण. 'खरोखर' खाली त्याने लहर म्हणून नागमोडी रेघ ओढली होती. आदल्या दिवशी तिने त्याच्याशी खूण ठरवली. तुमच्या पापण्यांवर मी विश्वास ठेवणार नाही, ती म्हणाली. जाग आली, माझा आवाज ऐकू आला, की उजवी तर्जनी उचलायची. तो म्हणाला, बरं, आणि नाही उचलली तर? ती म्हणाली की तुमच्या आईंनी मला एक सांगून ठेवलंय, त्यामुळे मी तुमच्याशी बोलत राहीन. तुम्ही आत कंटाळू नका म्हणजे झालं. त्याने मान हलवली. मग म्हणाला, "ऱ्हस्व ठेवा हं."

सकाळी साडेसातला त्याला झोप लागली. त्याच्या अंगाखाली उबदार पाण्याची गादी होती, डोक्याला टोपी, पायांत लोकरीचे मोजे, वहिनींनी घरून आणलेले, एक दुसऱ्यापेक्षा लांब. दंतवैद्य एरवी काम करताना गुणगुणतो, आज गुणगुणला नाही. आठ वाजून सहा मिनिटांनी गाठ निघाली, दाढ निघाली, टाके पडले. रक्तातले आम्ल थोडे वर चढले होते आणि तिथेच थांबले होते. तिने वायू बंद केला. त्यानंतर तिला करण्यासारखे फार काही नव्हते, आणि तिच्या कामातला हाच भाग तिला सगळ्यात जड जाई: सगळे बरोबर करून झालेले असते आणि उत्तर समोरून यायचे असते. श्वास त्याचा तोच घेत होता, उथळ पण एका लयीत. पाच मिनिटे झाली. दहा झाली. तिने त्याच्या कानाशी सांगितले की काम झाले, गाठ लिंबाएवढी होती, दंतवैद्य म्हणतो आवळ्याएवढी, तुम्ही काय ते बघून ठरवा. तर्जनी चादरीवर पडून होती. बारा मिनिटे. नर्स मुरलेली होती, हजारो माणसे तिने जागी केलेली, सवयीने तिने त्याचा खांदा थोपटला आणि वरच्या पट्टीत म्हणाली, "डोळे उघडा हो, डोळे उघडा." भूलतज्ज्ञ बाईने तिचा हात धरला. नर्सने चमकून पाहिले. "ते उघडतायत," भूलतज्ज्ञ बाई म्हणाली. "आपण थांबू."

मग ती बोलत राहिली. मागून आठवले तेव्हा आपण काय बोललो याची तिला मजाच वाटली. बाहेर ढगाळ आहे, हे बोलली. एका पाटीवर 'दुरुस्ती'मधला दु तिने दीर्घ पाहिला, रंगवणाऱ्याला सांगायला हवे होते, हे बोलली. बोलता बोलता तिच्या लक्षात आले की आपण कान टवकारले आहेत, जणू बोलणारी ती नसून ऐकणारी आहे. आतून कोणीतरी येत आहे, जिना चढून, दमत, प्रत्येक पायरीवर थांबत, आणि त्याला घाई करायची नाही. सोळाव्या मिनिटाला बोट हलले. हलले ते ठरल्याप्रमाणे वर उचलून थांबले नाही. ते चादरीवरून निघाले, मागे मनगट, मनगटावर चिकटपट्टीने बसवलेली नळी, असा सगळा लवाजमा घेऊन छातीवर आले, तिथे त्याने विसावा घेतला, मग हनुवटी, सुजलेला गाल, आणि शेवटी पापणीशी पोचून त्याने ती वर उचलली. पापणीखालच्या डोळ्याने छताकडे पाहिले, दिव्याकडे पाहिले, आणि मग मुद्रिताच्या कागदावरची ओळ बघावी तसे तिच्याकडे, बारकाईने, काही राहून तर गेले नाही ना अशा बेताने. दंतवैद्य भिंतीकडे तोंड करून उगीचच हात धूत राहिला. नर्स म्हणाली, अगंबाई.

ती दार ढकलून बाहेर आली. बोळात बाक होते, निळ्या रंगाचे, आणि सात-आठ बायका बसल्या होत्या, कोणी पेंगत, कोणी पिशवीत काहीतरी शोधत. मुलाला शुद्ध आली आहे, त्याची आई कोण, असे विचारायची पद्धत. तोंड उघडून ती क्षणभर थांबली, आणि मग हाक मारली, वहिनी. चार जणींनी माना वर केल्या. जगात प्रत्येक बाई कोणाची ना कोणाची वहिनी असतेच. ओ मात्र एकीनेच दिली.